घराच्या आतला गिलावा : जिप्सम, सिमेंट की चुना?

कल्याण-नगर महामार्गावरील पिंपरी पेंढार व आसपासच्या गावांतून सध्या फेरफटका मारला, तर अर्धवट उभी राहिलेली पुष्कळ घरे दिसतात. टोमॅटोला किंवा कांद्याला एखादे वर्ष बरे गेले की जुन्नर तालुक्यातला शेतकरी घर काढतो. जोते होते, भिंती चढतात, स्लॅब पडतो आणि मग आतल्या गिलाव्यापाशी काम अडते. पूर्वी येथे अडण्यासारखे काही नव्हते. गवंडी वाळू चाळून घ्यायचा, सिमेंट कालवायचा, वरून नीरू घोटायचा आणि दुसऱ्या दिवसापासून घरातली माणसे भिंतींवर पाणी मारायची. आता मालकाचा मुलगा चाकणला किंवा पुण्याला नोकरीस असतो. मित्राच्या फ्लॅटमधील आरशासारखी गुळगुळीत भिंत पाहून तो सांगतो, "आपल्याला जिप्सम करायचं." गवंडी गप्प बसतो, कारण ते काम त्याच्या हातचे नाही. दुकानदार मान डोलावतो, कारण पोती खपणार असतात. घरधन्याने आयुष्यात एकदाच काढलेल्या कर्जाचा निकाल असा पाच मिनिटांत लागतो.

या व्यवहारात विकणारेही आपण आणि थापी धरणारेही आपणच असल्याने या प्रश्नावर स्पष्ट मत मांडणे जरूर आहे. जिप्सम वाईट नाही, पण ते सर्व भिंतींसाठी नाही. आपल्या गावातील घरांत ते कोठे चालेल आणि कोठे घात करील, हे सांगण्याची जबाबदारी प्रथम दुकानदाराची व कारागिराची आहे. मालक शेती करतो, त्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

जिप्सम म्हणजे काय, हे आधी पाहू. तो एक खनिज दगड आहे. आपल्या देशात तो मुख्यतः राजस्थानातून निघतो. या दगडाच्या वजनात सुमारे एक-पंचमांश पाणीच असते. तो भाजला की त्यातील बरेचसे पाणी उडून जाते व पांढरी भुकटी उरते. या भुकटीत पुन्हा पाणी मिसळले की ती ते पाणी शोषून परत दगड होते. प्लॅस्टर ऑफ पॅरिस हा याच कुळातला माल. सिमेंटला ताकद येण्यासाठी अनेक दिवस ओलावा लागतो, तर जिप्सम अर्ध्या तासाच्या आत घट्ट होते आणि त्यावर पाणी मारावे लागत नाही. त्याचे सगळे गुण आणि सगळे दोष यातूनच निघतात.

गुण लहान नाहीत. वाळू लागत नाही. नीरूचा वेगळा थर लागत नाही. भिंत दोन-चार दिवसांत, दमट हवेत थोड्या जास्त दिवसांत वाळते आणि रंगाऱ्याला लवकर हाती घेता येते. वाळताना जिप्सम फारसे आकसत नाही, म्हणून सिमेंटच्या गिलाव्यावर जाळ्यासारख्या ज्या बारीक भेगा उठतात त्या येथे सहसा उठत नाहीत. वजन कमी असते. पाण्याचा मुद्दा तर आपल्याकडे फार मोलाचा आहे. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा आणि डिंभे अशी पाच धरणे जुन्नर-आंबेगावात आहेत खरी, पण कालव्यातले पाणी चैत्र-वैशाखात प्रत्येक घराच्या नळाला असतेच असे नाही. सिमेंटच्या गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारायचे असते. टँकर मागवून सात दिवस पाणी मारणारा मालक विरळा. तो तीन दिवस मारतो, भिंत भुसभुशीत राहते आणि बोल गवंड्याला लागतो.

आता दोष पाहू. जिप्समचे पाण्याशी जमत नाही. ते पाण्यात थोडेसे विरघळते. एक लिटर पाण्यात साधारण दोन ग्रॅम, म्हणजे चिमूटभरच. पण भिंतीत रोज ओल येत असेल तर ती चिमूट वर्षभर जात राहते. गिलावा मऊ पडतो, रंगाचे पापुद्रे सुटतात, बोट दाबले तर खळगा पडतो. पुण्याच्या सहाव्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये भिंतीला खालून ओल येण्याचा प्रश्न नसतो. आपले घर जमिनीवर उभे असते, बहुधा काळ्या मातीवर. ही माती पावसाळ्यात पाणी धरते व फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जोत्याच्या वर ओल अडवणारा काँक्रीटचा थर प्रत्येक घरात नीट घातलेला असतो असे छातीवर हात ठेवून कोणता गवंडी सांगेल? तो नसला तर ओल भिंतीतून दोन-तीन फूट सहज चढते, सोबत क्षार आणते आणि भिंतीला लोणा लागतो. अशा भिंतीवर जिप्सम लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय, आणि येथे तर ते शब्दशः खरे आहे.

हीच गोष्ट न्हाणीघराची, शौचालयाची, मोरीची, स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीची. येथे सिमेंटच हवे. ज्या बाहेरच्या भिंतीवर पावसाची झड थेट येते आणि जिचा बाहेरून गिलावा अजून झालेला नाही, तिच्या आतल्या अंगालाही जिप्सम घाईने लावू नये. प्रथम बाहेरची बाजू बंद करावी, एक पावसाळा पाहावा. आदिवासी पट्ट्यात, नाणेघाटाच्या बाजूला, पाऊस कित्येक पटींनी अधिक पडतो. तिकडे तर हा विचार दुप्पट काळजीने व्हावा. मशिदीचे काम काढणाऱ्या विश्वस्त मंडळींसही एक सांगणे आहे : आतल्या दालनाला जिप्सम शोभेल, पण वुजूखान्याच्या भिंतींना ते चुकूनही लावू नये. तेथे दिवसातून पाच वेळा पाणी उडते.

दुसरा धोका थोडा आतला आहे. काही ठिकाणी काम लवकर आटोपावे म्हणून जिप्सममध्ये मूठभर सिमेंट टाकतात, किंवा काल केलेल्या ओल्या सिमेंटच्या गिलाव्यावर आज जिप्सम ओढतात. हे करू नये. ओलसर जागी जिप्सम आणि सिमेंट यांच्यात क्रिया होऊन फुगणारे क्षार तयार होतात आणि ते गिलावा ढकलून बाहेर काढतात. सिमेंटचे काम पूर्ण वाळल्यावरच जिप्समचा हात लागला पाहिजे. जिप्सममध्ये साधा खिळा किंवा उघडे लोखंडही ओलीने लवकर गंजते. वायरिंगच्या पेट्या, जाळी, खिळे जस्त चढवलेले वापरावेत. जड मांडणी टांगायची असेल तर फास्टनर विटेपर्यंत गेला पाहिजे, केवळ गिलाव्यात बसवलेला निघून येईल.

मग एकाच घरात दोन तऱ्हेचा गिलावा करावा काय? बेशक करावा. खोली पाहून निवड करावी. बैठकीची खोली, झोपायच्या खोल्या, माडीवरील सर्व कोरड्या भिंती व छत यांना जिप्सम. पाण्याच्या खोल्या, ओट्यामागील भिंत व संशयित ओलीच्या भिंती यांना सिमेंट. मात्र दोहोंचा सांधा भिंतीच्या मधोमध आणू नये. तो कोपऱ्यात, दाराच्या चौकटीशी किंवा मुद्दाम ठेवलेल्या खाचेशी मिळवावा. मधोमध आणला तर तेथे भेग हमखास दिसते.

सिमेंटच्या गिलाव्याविषयी सर्वांना सर्व माहीत आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात आपल्या भागात वाईट निघालेले बरेच गिलावे सिमेंटचेच आहेत आणि त्यांचे मुख्य कारण वाळू आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या आदेशानंतर गौण खनिजाच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी आवश्यक झाली. तेव्हापासून नदीची चांगली वाळू रीतसर मिळणे कठीण होत गेले आणि तिची जागा क्रशरच्या मालाने घेतली. राज्य सरकारनेही २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण जाहीर केले. कृत्रिम वाळूला आमचा विरोध नाही. पण धुऊन, चाळून गिलाव्यासाठी केलेली वाळू वेगळी आणि खडीबरोबर निघणारी कच वेगळी. कचेत दगडाची पीठासारखी धूळ फार असते. ती पाणी जास्त मागते, मग गिलावा वाळताना आकसतो व तडकतो. दुकानदाराने 'प्लॅस्टरची वाळू' म्हणून कच देऊ नये आणि गवंड्याने ती मुकाट्याने घेऊ नये. पारख सोपी आहे. काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू घ्या, मिठाचे पाणी भरा, हलवा आणि दोन-तीन तास ठेवून द्या. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या थराच्या ८ टक्क्यांपेक्षा जाड दिसला तर ती गाडी परत पाठवलेली बरी.

दुसरे कारण म्हणजे सिमेंट जास्त टाकले की गिलावा पक्का होतो ही समजूत. आतल्या भिंतीला एकास सहा किंवा फार तर एकास चार हे प्रमाण पुरेसे असते. एकास तीनचा गिलावा कडक होतो, पण भिंतीहून कडक गिलावा भिंतीला धरून राहत नाही. तो आकसतो आणि पोकळ वाजू लागतो. ठोकून पाहा, ढबढब आवाज आला की समजावे. काँक्रीटच्या खांबांना व बीमला टाचे मारल्याशिवाय, आणि खांब व वीटकामाच्या सांध्यावर जाळी मारल्याशिवाय गिलावा करू नये, हे प्रत्येक गवंड्याला माहीत असते. तरी फुटावर काम घेतले की ते राहून जाते, कारण टाच्यांचे पैसे कोणी वेगळे देत नाही. मालकाने ते वेगळे द्यावेत.

येथे एक जुनी, जवळजवळ विसरलेली रीत सुचवावीशी वाटते. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. भारतीय मानक संस्थेच्या १९७२ च्या गिलाव्याविषयीच्या संहितेत (आयएस १६६१) सिमेंटबरोबर सिमेंट-चुन्याच्या गिलाव्यालाही स्थान आहे. पिशवीतला विरवलेला चुना घालून कालवलेला माल लोण्यासारखा चालतो, थापीला चिकटत नाही, पाणी धरून ठेवतो व कमी तडकतो. पाणी मारण्यात थोडी कसूर झाली तरी तो सांभाळून घेतो. आमच्या मते पिंपरी पेंढारसारख्या गावातील तळमजल्याच्या सर्वसाधारण भिंतीला, जेथे ओलीचा थोडा संशय आहे आणि पाण्याची थोडी टंचाई आहे, हा सर्वांत समंजस गिलावा आहे. तो मागे का पडला याचे उत्तर एवढेच की चुना भिजवण्याचा त्रास कोणाला नको.

आता हिशेब. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. दारे-खिडक्या वजा जाता भिंती सुमारे चारशे चौरस फूट, म्हणजे चार ब्रास भरतात. १२ मिलिमीटर जाडीचा एकास चारचा गिलावा केला तर ब्रासला सुमारे एक पोते सिमेंट व पाच घनफूट वाळू, म्हणजे खोलीला चार पोती व वीस घनफूट वाळू लागते. एकास सहा केला तर ब्रासला पाऊण पोत्याच्या आत काम भागते. जिप्समचे २५ किलोचे पोते १३ मिलिमीटर जाडीला वीस-एकवीस चौरस फूट जाते, म्हणजे त्याच खोलीला वीस पोती लागतात. हे सर्व आकडे भिंत ओळंब्यात असेल तरच खरे. वीटकाम वाकडे असून गिलावा सरासरी २० मिलिमीटर जाड पडला, तर जिप्समची वीस पोती तिसाच्या पुढे जातात. सिमेंटच्या कामात वाकडी भिंत स्वस्त वाळूने भरून निघते. जिप्सममध्ये ती महाग मालाने भरावी लागते. म्हणून जिप्समचा निर्णय वीटकाम सुरू होण्यापूर्वीच झाला पाहिजे आणि ओळंब्याची सक्ती तेव्हापासून हवी. स्लॅब पडल्यावर जिप्सम ठरवणारा मालक बहुधा अंदाजपत्रकाच्या बाहेर जातो.

तुलना करताना फक्त पोत्याच्या भावाची करू नये. सिमेंटच्या बाजूला वाळू, वाहतूक, नीरू किंवा पुट्टी, पाण्याचा टँकर, पाणी मारणाऱ्या माणसाची मजुरी आणि थांबलेले दिवस धरावेत. जिप्समच्या बाजूला माल, शहरातून येणाऱ्या टोळीची मजुरी व राहण्याची सोय, वाया जाणारा माल आणि रंगापूर्वीचा प्रायमर धरावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्यापूर्वीचा जुना हिशेब कोणी पुढे करत असेल तर तो नव्याने मांडावा. रंगासह एका ब्रासचा अंतिम खर्च काढला की दोहोंतील अंतर लोक समजतात तेवढे राहत नाही. अशा वेळी भावापेक्षा भिंतीची ओल निर्णायक ठरावी.

जुन्या घरांची गोष्ट निराळी आहे. जुन्नर, ओतूर, नारायणगाव येथील जुन्या पेठांत दगड-मातीच्या किंवा मातीत रचलेल्या विटांच्या भिंती अजून उभ्या आहेत. डागडुजी करताना त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा चढवण्याची रीत पडली आहे. आमच्या मते ही रीत घरांचा नाश करणारी आहे. मातीतली भिंत श्वास घेते. ओल येते तशी जाते. तिच्यावर सिमेंटचे कवच बसले की ओल आत कोंडते, आतली माती सुटते आणि चार-पाच वर्षांत गिलावा तावच्या तावने खाली येतो. अशा भिंतीला एकतर भुसा घालून कुजवलेल्या मातीचा गिलावा हवा, नाहीतर चुन्याचा. पुरातत्त्व खातेही जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत चुनाच वापरते. निजामशाहीची मुहूर्तमेढ १४९० मध्ये जुन्नरला रोवली गेली, नंतर राजधानी अहमदनगरला गेली. त्या काळापासून या परिसरात चुन्यात उभ्या राहिलेल्या इमारती आहेत. पूर्वी चुना घाणीत मळत, त्यात गूळ, बेलफळ आणि हिरड्याचे पाणी घालत. हिरडा आजही जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातील आदिवासी बांधव गोळा करून विकतात. तो आपल्याच बाजारातून बाहेर जातो आणि आपल्या गवंड्याला त्याचा हा उपयोग माहीत नसतो.

चुन्याचे काम सावकाश होते. चुना हवेतील कर्बवायू घेऊन हळूहळू दगड बनतो, त्याला आठवडे लागतात. घाई असणाऱ्याने त्याच्या वाटेस जाऊ नये. परंतु जुनी मशीद, दर्गा, वाडा यांच्या दुरुस्तीची कामे निघत असतात आणि चुन्याचा जाणकार कारागीर शोधून सापडत नाही. ज्या तरुणाने हे काम एखाद्या वृद्ध गवंड्याच्या हाताखाली दोन वर्षे शिकून घेतले, त्याला काम शोधत फिरावे लागणार नाही.

कारागिरांच्या पोटाचा विषय निघालाच आहे, तर जिप्सममुळे काय बदलते तेही सांगितले पाहिजे. वाळू चाळणे, घमेली वाहणे, माल कालवणे, पाणी मारणे ही कामे बिगारी करतात आणि त्यांत स्त्रिया पुष्कळ असतात. जिप्सम आले की ही कामे जवळपास संपतात. उरतो तो सफाईदार हात. तो हात आज बहुधा बाहेरून येणाऱ्या टोळ्यांचा आहे. त्यांच्यावर राग धरून उपयोग नाही; त्यांनी ते काम शिकून घेतले आहे. आपल्या गवंड्याला ओळंबा, पाटा, गुरमाळा हे सर्व येते. नवे शिकायचे ते थोडेच. आधी पाणी आणि मग त्यात भुकटी, उलट नव्हे. बादली प्रत्येक वेळी धुतलेली, कारण जुना घट्ट कण राहिला की नवा माल लवकर आवळतो. कालवलेला माल वीस-पंचवीस मिनिटांत संपवायचा आणि आवळू लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालायचे नाही. सिमेंटची सवय असलेल्यांचे हात बहुधा येथेच फसतात. महिनाभर जिप्समच्या टोळीबरोबर कमी रोजावर काम केले तर हात बसतो. दोन्ही जाणणारा गवंडीच मालकाला निःपक्षपाती सल्ला देऊ शकतो. ज्याला एकच येते तो त्याचीच शिफारस करणार.

सिमेंट व चुना दोन्ही कातडी खातात, चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते, आणि जिप्सम घासताना उडणारी धूळ छातीत जाते. हातमोजे, चष्मा, तोंडाला फडके याला खर्च फार नाही. तसेच १९९६ च्या केंद्रीय कायद्याखाली स्थापन झालेल्या बांधकाम कामगार मंडळाकडे, वर्षात ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगारास नोंदणी करता येते. गिलाव्याचे काम करणारा त्यात बसतो, पाणी मारणारी बाईही बसते. ९० दिवसांचा दाखला देण्यास ठेकेदार टाळाटाळ करतात, म्हणून तो काम संपताना मागण्याऐवजी काम ठरवतानाच मागावा.

दुकानदार बांधवांनी जिप्समची पोती सिमेंटप्रमाणे जमिनीवर रचू नयेत. फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत आणि पोत्यावरील तारीख पाहून जुना माल आधी काढावा. मुदत टळलेले पोते कालवले तर कधी लगेच आवळते, कधी आवळतच नाही, आणि भांडण कारागिराशी होते. गिऱ्हाईक आले की पोती मोजण्याआधी दोन प्रश्न विचारावेत : कोणत्या खोलीसाठी, आणि भिंत पावसाळ्यात ओली होते का? उत्तर मिळाले नाही तर मालकाला घरी पाठवून, जोत्यालगतच्या भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवायला सांगावे. कागदाच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब धरले तर त्या भिंतीसाठी जिप्समचे एकही पोते देऊ नये, तो कितीही आग्रह करो.